सॉफ्टवेअर आलं, सेन्सर आले, मग शॉपमधले नग का वाढेनात?

मशीनवाला_भोसरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय.

भोसरी एमआयडीसीत आमचं टर्निंग-मिलिंगचं जॉबवर्क आहे. बाबांनी एका लेथवर सुरू केलं, आता सीएनसी आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारी लेथ आणि मिलिंग मशीन्स) मिळून नऊ मशीन्स आहेत. गेल्या वर्षी ईआरपी, म्हणजे ऑर्डर, साठा, बिलं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेतलं. त्यापाठोपाठ प्रत्येक मशीनला सेन्सरची डबी बसवली. मशीन चालू असलं की माझ्या मोबाइलवर हिरवं, थांबलं की लाल. लाल झालं की ऑपरेटरने शेजारच्या टॅबवर थांबण्याचं कारण दाबायचं. विकणाऱ्याने सांगितलं होतं की ओईई वर जाईल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मशीन किती वेळ उपलब्ध होतं, ठरल्या वेगाने चाललं का, आणि चांगले नग किती निघाले, या तिन्हींचा गुणाकार म्हणजे ओईई. ९० टक्के, ८० टक्के, ९५ टक्के असे सुटे आकडे ऐकायला बरे वाटतात, पण गुणाकार केला की ६८ वर येतो.

आता परिस्थिती अशी. बिलं वेळेत निघतात, जीएसटी वेळेत भरला जातो, कुठला माल कुठे पडलाय ते खुर्चीवरून कळतं. पण महिनाअखेरचा डिस्पॅच होता तेवढाच आहे. पगार तेवढेच, वर डेटा एंट्रीला एक मुलगा वाढला. तीन मोठी गिऱ्हाइकं आहेत, तिघांची तीन पोर्टल्स. एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) टाकल्याशिवाय गाडी गेटच्या आत घेत नाहीत, आणि पोर्टल बंद असलं तर उशिराचा दंड आपल्यालाच.

प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकतो, डिजिटल व्हा नाहीतर जगाच्या स्पर्धेतून बाद व्हाल. झालो डिजिटल. आता पुढे काय? ज्यांच्याकडे खरोखर नग वाढले त्यांनी जरा सविस्तर लिहा.

---

अर्धपगारी

वाचतोय. आमच्याकडे ईआरपी आल्यापासून कागद दुप्पट झालाय, कारण साहेबांना स्क्रीनवरचं दिसत नाही, प्रिंट लागते.

---

हिशोबनीस_सांगली

मशीनवालादादा, लहान कारखान्यांत कॉम्प्युटर कोणत्या दाराने आला ते आधी बघा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. पुढच्या एप्रिलमध्ये परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल. ऑक्टोबर २०२० पासून ई-इनव्हॉइस, सुरुवातीला फक्त ५०० कोटींच्या वरच्या कंपन्यांना. मग मर्यादा पायरी-पायरीने उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. माझ्या अशिलांपैकी बहुतेकांनी सॉफ्टवेअर घेतलं ते यातल्या कुठल्या तरी तारखेच्या आदल्या पंधरवड्यात. उत्पादन वाढावं म्हणून घेणारा अगदी विरळा.

म्हणजे डिजिटल झालं ते गेटच्या बाहेरचं आणि ऑफिसातलं. गेट ते मशीन या पट्ट्यात काही बदललंच नाही, तर नग वाढतील कसे?

याचा फायदा झाला नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मुलुंड-दहिसरच्या जकात नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा ज्यांनी बघितल्यात त्यांना विचारा. त्या रांगेत ड्रायव्हर, डिझेल आणि माल तिन्ही कुजायचे. जीएसटीबरोबर मुंबईची जकात गेली आणि तो वेळ वाचला. पण तो वाचला वाहतूकदाराचा आणि मोठ्या खरेदीदाराचा. तुमच्या ओईईत तो दिसणार नाही.

---

अर्थबोध

चांगला धागा. हा प्रश्न भोसरीचा एकट्याचा नाही. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये लिहून ठेवलंय की संगणकयुग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, म्हणजे हे काही चहाच्या टपरीवरचं विधान नव्हे.

यावर आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये दिलेलं उत्तर मला सगळ्यात पटतं. त्यांनी विजेचा दाखला दिला. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीट केंद्र १८८२ ला सुरू झालं, पण अमेरिकी कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेचा खरा परिणाम दिसला तो १९२० च्या दशकात. मधली चाळीस वर्षं काय झालं? कारखानदारांनी वाफेचं मोठं इंजिन काढलं आणि त्याच जागी एक मोठी मोटर बसवली. छताखालचा लांब शाफ्ट, त्यावरून उतरणारे पट्टे, सगळं तसंच. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर आली तेव्हा कुठे यंत्रं कामाच्या क्रमाने मांडता आली, एकमजली शेड बांधता आल्या, एक यंत्र दुरुस्तीला काढलं तरी बाकीची चालू राहू लागली. फायदा त्या नव्या मांडणीतून आला.

आपल्या बहुतेक शॉप्समध्ये ईआरपी म्हणजे जुन्या शाफ्टला जोडलेली नवी मोटर आहे असं मला वाटतं.

---

धोटा

अर्थबोध, तुमी ते शाफ्टचं लिहिलं आणि मला आमची शेड आठवली. इचलकरंजीत आजोबांच्या वेळी एक ऑइल इंजिन, वर आडवा शाफ्ट आणि मागाला एकेक पट्टा. इंजिन बसलं की सगळी शेड बसली. नंतर मागाला मोटर आली. पण मागांच्या रांगा हाय तिथंच ऱ्हायल्या, का तर पाया तिथं घातलेला.

आता डिजिटलचं ऐका. आमी खर्चीवाले. म्हंजे सूत व्यापाऱ्याचं, बीम (ताणा गुंडाळल्याला रूळ) त्याचं, कापड त्याचं. आमचा फक्त माग, लाइट आणि कामगार. मजुरी पिकावर, पैशात. पीक म्हंजे आडव्या धाग्याची एक फेरी. साधा माग मिनिटाला शे-सव्वाशे पीक मारतो, हवेच्या झोतावर चालनारा नवा एअरजेट माग सहाशेच्या वर जातो. एअरजेटला स्क्रीन असतो, ताणा किती वेळा तुटला, बाणा किती वेळा तुटला, शिफ्टला किती टक्के चालला, सगळं दावतो. आमच्याकडं दिवाणजी वहीत लिवतो. आता मला सांगा, साध्या मागाला सेन्सर लावून मी काय करू? तुटल्यालं सूत सेन्सर जोडत न्हाई. सूत हलकं आलं तर ते तुटनारच, आणि सूत पाठवनारा दुसराच.

व्हॉट्सअपवर मात्र सगळं हाय बरं का. सुताचा भाव, कापडाचा भाव, सुरतेत काय चाललंय, भिवंडीत काय चाललंय, सकाळी नवाच्या आत मोबाइलवर. पूर्वी हे फक्त पेढीवर कळायचं. पण भाव कळून मजुरी एका पैशानं वाढली न्हाई. मग उपेग काय?

---

अर्थबोध

धोटाभाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर एक अभ्यास आठवला. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ दरम्यान टप्प्याटप्प्याने मोबाइल आले. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी तिथल्या तारली पकडणाऱ्या बोटींचा अभ्यास केला. फोन येण्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नसल्याने मासे समुद्रात फेकून द्यायचे आणि थोड्या अंतरावरच्या बंदरात मासे कमी पडायचे. फोन आल्यावर बोटवाले समुद्रातूनच भाव विचारून बंदर ठरवू लागले. फेकणं जवळपास थांबलं, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला, आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्तही मिळाली.

फरक कुठे आहे बघा. बोटवाल्याला भाव कळला की बोट वळवता येते. तुम्हाला भाव कळला तरी बीम वळवता येत नाही, तो व्यापाऱ्याचा आहे.

---

धोटा

ह्ये बेस सांगितलंसा. आमची बोट बांधल्याली हाय.

---

नेकारतीरी

जर्मनीतल्या श्टुटगार्टहून. इथल्या वाहनउद्योगाच्या पुरवठासाखळीत काम करते, म्हणून दोन गोष्टी लिहिते.

पहिली: 'इंडस्ट्री ४.०' (डिजिटल जोडणीचा कारखाना) हा शब्द २०११ च्या हानोफर मेळ्यात इथेच जन्मला, आणि त्याच देशात सरकारी कचेऱ्यांत अजून फॅक्स चालतो. कंपन्यांनी एकमेकांची ई-इनव्हॉइस स्वीकारायची तयारी ठेवलीच पाहिजे असा नियम इथे १ जानेवारी २०२५ ला लागू झाला. पाठवण्याची सक्ती तर आणखी पुढे, टप्प्याटप्प्याने. या बाबतीत सांगलीचा कारखानदार माझ्या इथल्या पुरवठादारांच्या पुढे आहे. तरी सुटा भाग दहा हजारांच्या लॉटमध्ये एकसारखा कोण देतो, असं विचारलं तर उत्तर वेगळं येतं. बिलाची गती आणि मालाचा दर्जा यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

दुसरी: टोयोटाची जी कानबान पद्धत सगळे डोक्यावर घेतात, ती मुळात पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालायची. पुढच्या टप्प्याने माल उचलला की कार्ड मागे जायचं, आणि कार्ड आल्याशिवाय पुढचा नग बनवायचा नाही. शिस्त आधी बसली, कॉम्प्युटर नंतर आला. उलट क्रमाने केलेलं कुठे चाललेलं मी तरी पाहिलेलं नाही.

---

टर्नर_निवृत्त

मी आयटीआय करून चिंचवडच्या पट्ट्यात आयुष्यभर मशीनवर उभा राहिलेला माणूस. आतापर्यंत सगळी मालकांची आणि अभ्यासकांची बाजू आली, आता टॅबसमोर उभ्या असलेल्या पोराची ऐका.

शेवटच्या नोकरीत आमच्याकडेही अशा डब्या आल्या होत्या. टॅबवर कारणांची बटणं होती: टूल चेंज, सेटिंग, मटेरियल नाही, क्यूसीसाठी थांबलो, लाइट गेली, ऑपरेटर जागेवर नाही, इतर. पहिल्या आठवड्यात पोरांनी खरी कारणं दाबली. 'मटेरियल नाही' दाबलं की स्टोअरवाला भांडायला यायचा. 'क्यूसीसाठी थांबलो' दाबलं की क्वालिटीचा साहेब रागवायचा. 'ऑपरेटर जागेवर नाही' दाबलं की पगारात दिसायचं. मग पोरं शहाणी झाली. काहीही झालं तरी 'टूल चेंज'. त्यावर कोणी भांडत नाही. महिन्याच्या मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवर आलेख लागला आणि साहेबांनी निष्कर्ष काढला की इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाची बदलती धार, लवकर झिजतायत, इन्सर्टची कंपनी बदला. बदललीसुद्धा!

मशीनवाले, तुमचा टॅब काय म्हणतो ते बघाच. पण त्याआधी कारण दाबणाऱ्याला त्या बटणाची भीती वाटते का, ते बघा.

---

अर्धपगारी

साष्टांग नमस्कार काका. आमच्याकडे 'इतर' हे बटण टॅबवर घासून पुसट झालंय.

---

मशीनवाला_भोसरी

काका, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्रीच्या शिफ्टला टॅब बाजूला ठेवला आणि तिन्ही टर्निंग सेंटर्सजवळ नुसता उभा राहिलो. मुलांना आधीच सांगितलं की आज कोणाला बोल लावायचा नाहीये.

लाल वेळ मुख्यतः सेटिंगमध्ये आहे. जॉब बदलला की सेटर आधी प्रोग्रामची प्रत शोधतो. मग सॉफ्ट जॉ (नग पकडायचे मऊ जबडे) आणायला स्टोअरला जातो, ते दुसऱ्या जॉबच्या मापाला बोअर केलेले निघतात. ते पुन्हा बोअर करायचे. टूल्स मशीनवर लावूनच एकेकाचा ऑफसेट (टूलच्या टोकाचं माप) घ्यायचा. पहिला नग निघाला की तो हातात धरून क्यूसीच्या (तपासणीच्या) केबिनबाहेर उभं राहायचं, कारण क्यूसीला एकच माणूस आणि तिथेही रांग. हे सगळं मशीन थांबवून.

हिशोब मांडला. समजा सेटिंगला २ तास, बॅच ५० नगांची, सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) ४ मिनिटं. नगांची २०० मिनिटं आणि सेटिंगची १२०, एकूण ३२०. सेटिंग निम्म्यावर आणलं तर २६०, म्हणजे तेवढ्याच वेळात जवळजवळ २३ टक्के जास्त काम. आणि मी इतके दिवस प्रोग्रामरच्या मागे लागलो होतो की सायकल टाइममधले १५ सेकंद काढ. त्यातून बॅचमागे साडेबारा मिनिटं सुटतात.

गिऱ्हाइकं बॅच लहान करत चाललीत, त्यामुळे सेटिंगचा वाटा वाढतच जाणार. पूर्वी पाचशेचा लॉट यायचा तेव्हा हे दुखणं जाणवत नव्हतं.

---

तारापूर_रिटर्न्स

मशीनवाले, आता धागा मुद्द्यावर आला.

मी बरीच वर्षं तारापूरला विव्हिंगमध्ये होतो. त्याच पट्ट्यात, तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत, अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सतरा कंपन्या घेतल्या. काहींच्या प्लांटमध्ये सल्लागार फर्मची माणसं पाच महिने बसवली, बाकीच्यांची नुसती पाहणी केली. या माणसांनी यंत्रं बदलली नाहीत. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकून तुम्ही हसाल: कुठला दोष कुठल्या मागावर आला ते रोज लिहा आणि रोज त्यावर उभ्या उभ्या बोला, सुताच्या साठ्यावर लेबल लावा, यंत्र बंद पडायची वाट न बघता देखभाल करा, फरशीवरचा पसारा उचला. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. दोष कमी झाले, साठा कमी झाला.

आता या धाग्याच्या कामाचा भाग. त्या प्लांट्समध्ये कॉम्प्युटरचा वापरही वाढला, पण तो मागून. रोज आकडे लिहायला लागल्यावर ते साठवायला आणि बघायला कॉम्प्युटर लागला. नेकारतीरी ताई म्हणतायत तोच क्रम.

काही वर्षांनी तेच संशोधक पुन्हा गेले तेव्हा शिकवलेल्या पद्धतींपैकी निम्म्याच्या आसपास सुटल्या होत्या. मॅनेजर बदलला की वहीही गेली, हे एक मोठं कारण. तरीही ज्यांच्याकडे प्रयोग झाला नव्हता त्यांच्यापेक्षा ते पुढेच होते.

एक खवचट प्रश्न माझाही: फरशी साफ करायला परदेशी प्राध्यापक यावे लागतात का? लागतात बहुतेक. आपल्याकडे शेठ ऑफिसात आणि सुपरवायझर नातेवाईक, मग रोजचा दोष लिहिणार कोण?

---

द्राक्षबाग_निफाड

जरा विषयांतर, पण स्पर्धेचा मुद्दा निघालाच आहे तर. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाचं (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेट हे ऑनलाइन नोंदणीचं जाळं २००६ पासून आहे. बागेचा प्लॉट नोंदवलेला, नमुना प्रयोगशाळेत गेलेला, औषधांचे अंश मर्यादेत निघाले तरच पुढचा कागद. पेटीवरच्या नंबरावरून माझ्या प्लॉटपर्यंत मागे येता येतं. हे नसतं तर युरोपच्या सुपरमार्केटमध्ये आम्हाला कोणी उभं केलं नसतं. इथे डिजिटलमुळे धंदा टिकला हे मी छातीठोक सांगतो.

पण २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपला माल तिकडे अडकला तेव्हाही ग्रेपनेट चालूच होतं. कित्येक बागायतदार त्या एका हंगामात कर्जात गेले. संगणक सांगितलेलंच तपासतो.

---

हिशोबनीस_सांगली

सगळे नगांवर बोलताय, पैशावर कोणीच नाही. मशीनवालादादा, तुमची उधारी किती दिवसांची? समजा महिन्याला १० लाखांचं काम आणि ९० दिवसांनी पैसे, तर ३० लाख कायम बाहेर अडकलेले. १२ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३ लाख ६० हजार. ४५ दिवसांवर आलात तर ते निम्मं. त्या फरकात तुमचा सेटिंगचा खर्च निघतो.

यासाठी डिजिटल सोय आहे आणि ती चांगली आहे. ट्रेड्स नावाचे मंच आहेत, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे. खरेदीदाराने तिथे तुमचं बिल मान्य केलं की बँका बोली लावतात आणि पैसे लगेच मिळतात, उद्या खरेदीदार बुडाला तरी बँक तुमच्याकडे मागत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. पण मेख बघा: सक्ती नोंदणीची आहे, तुमचं बिल मान्य करण्याची नाही.

त्यापेक्षा आयकराच्या ४३बी(एच) कलमाने जास्त हालचाल झाली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. ज्यांना पोर्टल हलवू शकलं नाही त्यांना करामुळे जाग आली. अर्थात माझ्या एका अशिलाला त्याच्या खरेदीदाराने गोड बोलून सुचवलं की उद्यम नोंदणी (लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद) रद्द करून टाका, काम चालू ठेवू. त्याने केली नाही. पुढचं शेड्यूल थोडं कमी आलं.

---

धोटा

ताई, हितं पण ह्येच. बोट बांधल्याली.

---

मशीनवाला_भोसरी

ताई, ९० म्हणालात, आमची कधी कधी ११० ला जाते. दोन गिऱ्हाइकांशी ट्रेड्सचं बोलून बघतो. तिसऱ्याशी बोलायची अजून हिंमत नाही, निम्मं काम त्याचंच आहे.

सोमवारपासून शॉपमध्ये तीन गोष्टी करतोय. टॅबवरची कारणं बदलून फक्त चार ठेवणार आणि ती बटणं कोणती असावीत ते मुलं ठरवणार. त्या नोंदींचा पगाराशी संबंध नाही हे लिहून नोटीसबोर्डवर लावणार. प्रत्येक जॉबचे जॉ, टूल्स आणि गेज आदल्या शिफ्टलाच एका ट्रॉलीवर तयार ठेवायचे. आणि पहिला नग तपासायला सेटरनेच शिकायचं, क्यूसीने फक्त मधून मधून बघायचं. यावर क्यूसीचा माणूस नाराज आहे, ते बघू. ईआरपीला आता पहिल्यांदाच खरं काम मिळेल, कारण उद्या कुठला जॉब लागणार हे त्यातून काढून ट्रॉलीवाल्याला द्यायचंय.

टूल प्रीसेटर घ्यायचाय, मशीनबाहेरच ऑफसेट घेता यावा म्हणून. नवीन परवडणारा नाही. जुना कोणी घेतलाय का? अचूकता किती राहते?

---

टर्नर_निवृत्त

जुना घ्या पण मास्टर गेज (ज्यावर प्रीसेटर ताडून बघतात ते प्रमाण माप) सोबत असल्याशिवाय घेऊ नका, आणि बघायला जाताना सेटरला बरोबर न्या. तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळेल. ट्रॉली पण फॅब्रिकेटरकडून मापाशिवाय करून घेऊ नका, जॉचं वजन बघता खालचा कप्पा जाड पत्र्याचा लागतो आणि चाकांना लॉक हवं. भोसरीत कुठल्या ब्लॉकला आहात ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी मोशीला राहतो, शनिवारी सकाळी मोकळा आहे.